नाकाला काम

हे गेल्यानंतर पुण्यानुमोदनाच्या दिवशी जेवण बरंच उरलं. वंदना झाली, भंतेजी जेवून गेले, पाहुणे पांगले, आणि मागच्या खोलीत पोळ्यांची टोपली आणि वांग्याच्या भाजीचा अर्धा गंज शिल्लक राहिला. अशा वेळी अमरावतीत प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो. कोणी म्हणालं वसतिगृहात पाठवा, कोणी म्हणालं दवाखान्यासमोर वाटा. माझ्या धाकट्या जावेनं निकाल लावला.

"भाऊजीले कुत्रे भल्ले आवडत. वलगाव रोडवर ते कुत्र्याईचं घर हाये ना, तिथं नेऊन देऊ. त्याईच्या नावानं दान होईन."

हे खरं नव्हतं. यांना कुत्री मुळीच आवडत नसत. सायकलमागे लागतात म्हणून ते शर्टाच्या खिशात खडे ठेवत आणि धुवायला टाकताना काढायला विसरत. पण गेलेल्या माणसाला चार गुण वरचे मिळतातच, आणि वाद घालण्याइतकं बळ त्या दिवशी माझ्यात नव्हतं.

शहर संपून तुरीची शेतं सुरू होतात तिथं टिनाच्या छपराखाली पिंजऱ्यांच्या दोन ओळी आहेत. गाडीखाली आलेली, खरूज झालेली, कोणी पोत्यात घालून सोडून दिलेली कुत्री तिथं आणतात. आम्ही ऑटोतून गंज उतरवला तशी सगळी एकदम भुंकायला लागली. टिनावर आपटून आवाज दुप्पट होत होता. एक तरुण डॉक्टरीण हातमोजे काढत बाहेर आली. तिनं झाकण उचललं आणि वास घेतला.

"काकू, यात कांदा आहे ना?"

"कांद्याबिगर वांगं करते का कोणी?" जाऊ म्हणाली.

"कांदा कुत्र्यांना बाधतो. पोळ्या ठेवून घेते, थोड्या थोड्या देऊ. भाजी मात्र परत न्या." मग आमचे चेहरे पाहून तिनं आवाज खाली आणला. "वाईट वाटून घेऊ नका. सकाळी कोणाच्या तरी वाढदिवसाची जिलेबी आली होती, तीही गेटवरून परत पाठवली. लोक चांगले आहेत हो, पण यांना खायला कमी नाही."

"मग काय कमी आहे?" मी विचारलं. त्या दिवसातलं माझं ते पहिलंच पूर्ण वाक्य असेल.

तिनं हातानं चला अशी खूण केली. आम्हाला शेवटच्या पिंजऱ्यापाशी घेऊन गेली.

आत एक काळा कुत्रा होता. छातीवर पांढरा ठिपका, मागचा एक पाय किंचित आखूड. तो गोल फिरत होता. खेळताना कुत्री फिरतात तसं नाही. मान खाली, नजर कुठंच नाही, नेहमी डावीकडे. सिमेंटच्या जमिनीवर त्याच्या पंजांनी एक गुळगुळीत कडं उमटलं होतं. शेपटीचं टोक त्यानं चावून चावून सोललं होतं. डॉक्टरनं पोळी टाकली. तो थांबला, पोळी एका दमात गिळली, रिकाम्या जमिनीकडे पाहिलं आणि पुन्हा डावीकडे वळला.

"खाणं संपलं," डॉक्टर म्हणाली. "आता उद्या सकाळपर्यंत याला काय काम?"

मग तिनं त्याची हकिकत सांगितली. तो बडनेऱ्याकडच्या एका चौकात राहायचा. ट्रकनं उडवलं, पाय जोडला, पण आखूड राहिला. तोवर तो चौकच राहिला नाही, रस्ता रुंद करताना सगळं खणून काढलं. परत सोडायला जागा नाही, आणि गाडीचा आवाज आला की हा असा फिरतो. याला अंगण असलेलं घर हवं. दोन कुटुंबं येऊन गेली, पण फिरताना पाहून दोघांनीही दुसरा कुत्रा नेला.

"इथं तो बरा होत नाही," ती म्हणाली, "आणि बरा झाल्याशिवाय इथून कोणी त्याला नेत नाही."

मी भाजीचा गंज घेऊन घरी आले.

घरी मला कोणी काहीच करू देत नव्हतं. यात कोणाचा दोष नाही. आमच्याकडे दुःखाच्या घरी असंच वागायचं असतं. दार वाजलं की कोणीतरी डबा घेऊन उभं असायचं. डबा ठेवायचा, माझ्या हातातलं जे असेल ते काढून घ्यायचं आणि म्हणायचं, तुमी बसा. जाऊ भांडी घासून जायची, शेजारीण जिना झाडायची, पुतण्या विजेचं बिल भरून यायचा. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं होतं. पुस्तक घ्यायचं, नोंदवायचं, जागेवर लावायचं, मुलांना दटावायचं. निवृत्तीनंतर यांची औषधं, यांचं पथ्य, दवाखान्याच्या फेऱ्या. ते सगळं एका पहाटे संपलं आणि त्या जागी डबे आले. डबा पाचच मिनिटांत संपतो.

बसा म्हटल्यानं माणूस बसत नाही. मी समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायची, तिथून गॅलरीत, गॅलरीतून पुन्हा समोरच्या खोलीत. एका दुपारी माझ्याच लक्षात आलं की मी दर वेळी डावीकडेच वळते आहे.

दुसऱ्या दिवशी मी वलगावच्या ऑटोत बसले. जाऊ म्हणाली, "लोक काय म्हणतीन, महिना नाई झाला अन् बाई कुत्र्यात जाऊन बसून राहिली!" मी म्हटलं, "लोकांना सांग, दान द्यायला गेली."

माझ्यासारख्या बाईच्या मनात जे पहिलं येईल तेच माझ्याही मनात आलं होतं. मी पुस्तक घेऊन गेले होते. पिंजऱ्याशेजारी स्टूल टाकून मी त्या कुत्र्याला शांत आवाजात वाचून दाखवलं. त्यानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेजारच्या पिंजऱ्यातली म्हातारी कुत्री मात्र दुसऱ्या पानावर गळा काढून रडायला लागली. तिथं कुत्र्यांचा स्वयंपाक करणारी मावशी चुलीजवळून ओरडली, "बाई, पुस्तक बदला! तिले हे दुखाचं वाटून राहिलं!" डॉक्टर हसत बाहेर आली. आवाजाची सवय व्हायला वाचन बरं, म्हणाली, पण याच्या कानाला नाही, नाकाला काम हवं आहे.

तिचं म्हणणं मला लगेच पटलं, आजही पटतं. रस्त्यावरचं कुत्रं दिवसभर नोकरीवर असतं. पहाटे उकिरडा तपासायचा, कोण येऊन गेलं ते हुंगायचं, हद्द राखायची, हाडूक शोधायचं, लपवायचं, त्यासाठी भांडायचं, दमून सावली धरायची. पिंजऱ्यात आपण त्याला सगळं भांड्यात वाढून देतो आणि त्याचं काम काढून घेतो. वर आपल्याला वाटतं, याची चांगली सोय झाली. म्हणून काम परत द्यायचं. ते रोज हवं, लहान हवं आणि त्याला जमेल असं हवं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, असं ती तेव्हाच म्हणाली होती. मला ते नंतर कळलं.

सुरुवात आम्ही चुकीनं केली, आणि ती चूक वऱ्हाडातच होऊ शकते. घाबरलेल्या कुत्र्याला लपायला जागा असली की त्याला आधार वाटतो, म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात एक खोकं ठेवायचं ठरलं. संत्र्यांचे दिवस होते. मोर्शीकडून येणाऱ्या लाकडी पेट्या फळबाजारात ढिगानं पडलेल्या असतात. मी ओळखीनं टेम्पोभर आणवल्या. तळाशी फोडींचा रस वाळलेला, फटींत साली अडकलेल्या. सगळ्या आवाराला घमघमाट सुटला. मी, डॉक्टर, मावशी, तिघींना वाटलं, एवढ्या सुंदर वासात कुत्री कशी खूश होतील!

कुत्री पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला चिकटली. काही जण शिंकले. काळा तर नेहमीच्या दुप्पट वेगानं फिरायला लागला, कारण त्याच्या कड्याच्या मधोमध आम्ही ती पेटी ठेवली होती.

"संत्र्याले नाक मुरडते म्हंजे हे वऱ्हाडातलं कुत्रंच नोहे," मावशी म्हणाली. "पुण्याहून आलं असन."

डॉक्टरनं कपाळावर हात मारून घेतला. आंबट वासापासून कुत्री लांब पळतात हे ती शिकली होती, पण संत्रं हा वास आहे असं तिच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यासाठी तो वास नसतो, ती हवा असते. पेट्या सोड्यानं घासल्या, उन्हात टाकल्या, पुन्हा घासल्या, वरून गोणपाट ठोकलं. पुष्कळ दिवसांनी म्हातारी कुत्री पहिल्यांदा आत जाऊन झोपली. मग एकेक जण गेला. काळा गेला नाही. पण आता पेटी आम्ही कोपऱ्यात ठेवली होती, आणि तिच्यामुळे त्याचं कडं थोडं लंबगोल झालं होतं. डॉक्टर त्यावरही समाधानी होती. "वळण बदललं ना," म्हणायची.

पानांची कल्पना मला घरी सुचली. मला पानगे करावेसे वाटले. हे गेल्यानंतर काही करावंसं वाटलेलं ते पहिलंच. कणकेचा गोळा पळसाच्या दोन पानांत दाबून निखाऱ्यावर भाजायचा. पान काळं होतं आणि त्याचा वास आत उतरतो. पानगा उघडताना बोटं भाजतात, तरी कोणी थांबत नाही. उघडायला लागतो म्हणूनच त्याची चव आहे. हे मनात आलं आणि मी दुसऱ्या दिवशी पिशवीभर पळसाची पानं घेऊन गेले.

मावशी शिजवायची तोच भात आणि अंडं, किंवा डॉक्टरनं दिलेलं कोरडं खाणं, मी पानात घालून पुड्या बांधायची. पत्रावळीसारखी काडी टोचायची नाही, ती घशात अडकेल, असं डॉक्टरनं बजावलं होतं. म्हणून मी नुसत्या घड्यांनी बसणारी पुडी शिकले. पान मऊ करून चार बाजूंनी आत दुमडायचं आणि शेवटचं टोक खोचायचं. पुस्तकांना कव्हर घालण्यात माझं आयुष्य गेलं होतं. हातांना ते काम लगेच ओळखू आलं.

पहिल्या दिवशी मी काळ्याला घट्ट बांधलेली पुडी दिली. छान बसली होती म्हणून मला तिचं कौतुकही होतं. त्यानं हुंगलं, नाकानं ढकललं, पंजा मारला. पुडी सरकली, उघडली नाही. त्यानं आणखी एकदा पाहिलं आणि फिरायला लागला. त्या दुपारी तो थांबलाच नाही. संध्याकाळी शेपटीला पुन्हा रक्त आलं.

"काकू, त्याला हरवू नका," डॉक्टर म्हणाली. रागावली नव्हती. "हा आधीच हरलेला आहे. रोज जिंकू द्या. इतकं सोपं ठेवा की तुम्हाला लाज वाटेल."

मग मी उघडं पान ठेवलं, त्यावर भात. दोन दिवसांनी पानाची एक कड दुमडली. मग दोन कडा. घाई करायची नाही हे मला येतं, ग्रंथालयानं दिलेला गुण तो एकच. दिवाळी उलटून गेली तेव्हा तो बंद पुडी पंजाखाली धरून दातानं टोक ओढायला शिकला होता. पान फाटतानाचा आवाज त्याला आवडायचा असं मला वाटतं. कारण रिकामं पानही तो सावकाश फाडत बसायचा. बसायचा, हे महत्त्वाचं. पिंजऱ्यात त्याला बसलेलं तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

नंतर आम्ही पुडी पेटीत लपवायला लागलो, आणि तिच्यामागं तो पेटीत शिरला. मग डॉक्टर त्याला दोरीनं मागच्या मोकळ्या जागेत न्यायची. तिथं गवतात आणि निंबाच्या बुंध्याशी पुड्या लपवलेल्या असायच्या. तो नाक जमिनीला लावून जायचा तेव्हा आखूड पाय आखूड वाटत नसे. परत आल्यावर तो झोपायचा, दमलेल्या माणसासारखा. फिरणं बंद झालं नव्हतं. रस्त्यावर ट्रक गेला की सुरू व्हायचं. पण शेपटीला खपली धरली होती.

या सुमारास माझा भाऊ अकोल्याहून मला न्यायला आला. दादा निवृत्त मुख्याध्यापक आहे. अकोल्याच्या बाहेर त्याचं घर आहे. मोठं अंगण, चिंच, विहीर, भाजीचे वाफे. गेटापाशी झोपणारा त्यांचा म्हातारा कुत्रा वर्षभरापूर्वी गेला होता.

"बॅग भर," तो म्हणाला. "इथं एकटी काय करून राहिली तू? तिकडं चाल. तुह्या वहिनीनं खोली झाडून ठेवली. काई करा लागत नाई तुले तिथं."

"म्हणूनच नाही येत."

"काहून?"

"इथं मला काम आहे."

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. पळसाच्या पानांनी बोटांवर डाग पडले होते. मी त्याला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता मागून टाकलं, "दादा, मला नको नेऊ. त्याला ने."

दादा बराच वेळ मिशी ओढत बसला. मग म्हणाला, "पाहू. पण एक सांगतो, शांत जनावर पाहिजे. भुंकणारं चालन. येडं नाई चालणार."

रविवारी तो आणि वहिनी कारनं आश्रयस्थानात आले. मी आधीच निरोप दिला होता की गाडी रस्त्यावर थांबवा. पण दादा आयुष्यभर शाळेच्या पायरीपर्यंत गाडी नेत आला आहे. त्यानं ती सरळ आत आणली आणि पिंजऱ्यांसमोर हॉर्न वाजवून थांबवली. काळा उठला आणि फिरायला लागला.

दादा पिंजऱ्यासमोर हात मागे बांधून उभा राहिला. "हे तं घाण्याचा बैल हाये," तो म्हणाला. "हेच का तुहं शांत कुत्रं?"

"गाडीमुळे. थोड्या वेळात थांबेल."

"माह्या घरापुढून दिवसभर ट्रॅक्टर जाते, बाई." त्यानं डॉक्टरकडे पाहिलं. "म्याडम, दुसरं दाखवा."

वहिनी म्हणाली, "अवो, त्याची शेपूट तं पाहा, मायबाई!" आणि तोंडाला पदर लावला. डॉक्टरचा चेहरा मी पाहिला. आधीच्या दोन्ही वेळी काय झालं असेल ते मला त्यावर वाचता आलं. ती दुसरा पिंजरा दाखवायला वळली.

दादाची समजूत घालून उपयोग नसतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी पिशवीतून एक पुडी काढून त्याच्या हातात दिली.

"ही लपव. त्याला सापडणार नाही अशी."

"काय हाये हे?"

"त्याचं जेवण. त्याला सापडणार नाही अशी जागा तुला सुचते का बघ."

"मले? दहावीच्या परीक्षेत पोट्टे चिठ्ठ्या कुठं कुठं लपवत हे माह्याइतकं कोणाले माहीत हाये?"

तो मागच्या जागेत गेला. डॉक्टरनं काळ्याला दोरी लावून थोडं थांबवून ठेवलं, त्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली. मग सोडलं. पहिली पुडी दादानं निंबाच्या ढोलीत ठेवली होती. काळ्यानं दोन झाडं हुंगली आणि ती काढली. दुसरी विटांच्या ढिगामागं. ती तर त्यानं जाता जाता काढली. दादा हट्टाला पेटला. त्यानं शाल खांद्यावरून काढून वहिनीकडे दिली, बाह्या सरसावल्या आणि आम्हाला सगळ्यांना तोंड फिरवायला लावलं.

आम्ही तोंड फिरवलं. परत वळलो तेव्हा दादा कारपाशी उभा होता आणि गालातल्या गालात हसत होता. मागच्या चाकाच्या वर, मडगार्डच्या आत त्यानं पुडी खोचली होती.

मी पुढं झाले. डॉक्टरनं माझा दंड धरला. "थांबा," ती हळूच म्हणाली. "बघू द्या त्याला."

काळा नाक खाली घालून गेला. निंब, विटा, चुलीची राख. मग त्याला वास लागला आणि तो कारच्या दिशेनं चालायला लागला. अर्ध्या वाटेत त्यानं मान वर केली. समोर काय आहे ते त्याला दिसलं. इंजिन अजून गरम असेल, त्याचाही वास आला असेल. तो थांबला, डावीकडे वळला आणि एक कडं पूर्ण केलं. दुसरं सुरू केलं. वहिनी काहीतरी बोलणार होती. दादानं तिला हातानं गप्प केलं, आणि मला कळलं की आता दादालाही तो जिंकायला हवा आहे.

दुसरं कडं अर्ध्यावर सुटलं. नाकानं त्याला ओढून नेलं, असंच मी म्हणेन. तो पोट जमिनीला टेकवत चाकापर्यंत गेला, पुन्हा मागं आला, पुन्हा गेला. मग आखूड पाय मागे ताणून त्यानं पुढचे दोन्ही पंजे टायरवर ठेवले, तोंड आत घातलं आणि पुडी ओढली. ती घेऊन तो पळाला नाही. तिथंच चाकाला पाठ लावून बसला, पुडी पंजाखाली धरली आणि पानं फाडायला लागला.

मग दादा म्हणाला, "चिठ्ठी सापडली लेकाच्याले." आणि जरा वेळानं, डॉक्टरकडे न पाहता, "याच्यासाठी कुठं सही करा लागते?"

"अन् वाफे खोदले तं?" वहिनी म्हणाली.

"खोदले तं खोदले. तू लावतं, तो काढते. दोघाईलेही काम."

अकोल्यात काळ्याचा पहिला आठवडा वाईट गेला. वहिनीचा फोन आला, "बाई, हे फिरून राहिलं वं. जेवते भरपूर, अन् मंग फिरते." मी विचारलं, जेवण कसं देता? उत्तर मला ठाऊक होतं. वहिनी पंगतीत वाढणारी बाई आहे. ती परातभर भाकर-दूध त्याच्यापुढं ठेवायची, समोर उभी राहून आग्रह करायची, आणि तो थांबला की आणखी वाढायची. मागून दादाचा आवाज आला, "तिले सांग, असंच चाललं तं मी वापस नेऊन देतो."

मी पानांची पिशवी घेऊन मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी धरली. मी काही समजावून सांगितलं नाही. वहिनीला ओट्यावर बसवलं, तिच्या मांडीवर पानं ठेवली आणि घडी दाखवली. तिची पहिली पुडी माझ्यापेक्षा सरस झाली. साडीच्या निऱ्या घालणारा हात तो. दादाचं काम लपवायचं. सकाळी फिरून आल्यावर एकदा, संध्याकाळी ट्रॅक्टर परतण्याआधी एकदा. परात मी वर माळ्यावर ठेवून दिली.

माघाच्या शेवटी पळसानं पानं गाळली. मी काळजीत पडले आणि फोन केला. वहिनी म्हणाली, "पान नाई तं नाई. म्या जुनी गोधडी काढली." तिनं फाटकी गोधडी अंगणात पसरली होती. तिच्या घड्या-घड्यांत आणि उसवलेल्या कप्प्यांत भाकरीचे तुकडे खोचून ती गुंडाळून ठेवली होती. तो सकाळभर ती उलगडत बसतो, म्हणाली. हे ना मला सुचलं होतं ना डॉक्टरला. आता आश्रयस्थानातही गोधड्या आल्या आहेत. पुण्यानुमोदनाला, वाढदिवसाला येणाऱ्या लोकांना डॉक्टर सांगते, जेवण नको, जुनी गोधडी आणा. लोक आणतात. आणि आणल्यावर तिथं बसून तुकडे खोचतात, त्यांनाही जरा वेळ हाताला काही मिळतं.

उन्हाळा लागताना मी अकोल्याला गेले. यांच्या जन्मदिवसाला मला घरी थांबायचं नव्हतं. घरी थांबणं जमलं असतं, तेवढी मी आता खंबीर आहे. पण जायचं होतं. रिक्षा गेटापाशी सोडली तेव्हा मागून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. मी श्वास धरून अंगणात पाहिलं.

चिंचेखाली काळा गोधडीत डोकं खुपसून होता. ट्रॅक्टरच्या आवाजानं त्याचा एक कान मागं वळला आणि पुन्हा पुढं आला. शेपटीच्या टोकाला केस आले होते, जरा विरळ, जरा तपकिरी. दादा ओट्यावर पेपर वाचत होता. मला पाहून तो ओरडला, "अबे, पाह्य कोण आलं! तुही आत्या आली!"

कुत्र्यानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, नाक हवेत जरा उचललं. मी कोण आहे ते त्याला नक्की कळलं, याबद्दल मला शंका नाही. मग त्यानं पुन्हा गोधडीत डोकं घातलं. एका घडीत अजून काहीतरी उरलं होतं, आणि ते निघेपर्यंत त्याला माझ्याकडे यायला सवड नव्हती.